नामदेवांची वाटी, माझं बिस्कीट

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत रात्री पावणेतीनला कोण कोण जागं असतं, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकतो. सिटी सेंट्रल लायब्ररीच्या आसपास खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी पोरं, एटीएमचा एक रखवालदार, आणि मी. माझ्या डाव्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला चिकू, उजव्या हातात हिंगाची रिकामी डबी आणि आइस्क्रीमचा लाकडी चमचा. डबी कशासाठी, ते पुढे येईलच. जेवायला बसला असाल तर हा लेख नंतर वाचा.

सगळं झालं माझ्या तोंडामुळे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जो तो कुत्र्यांवर बोलत होता. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं. २२ तारखेला तो आदेश बदलला : नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचललं तिथेच परत सोडा, पिसाळलेली आणि अंगावर जाणारी तेवढी सोडू नका, खायला घालायचं तर नेमून दिलेल्या जागीच घाला. त्या रविवारी आमच्या मराठी निवृत्तांच्या कट्ट्यावर मी यावर वीस मिनिटं बोललो. एकानं मध्येच अंबरपेठेची आठवण काढली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे भटक्या कुत्र्यांनी एका लहान मुलाचा जीव घेतला होता, आणि अंबरपेठ इथून लांब नाही. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माणूस अशा वेळी गप्प बसतो. मी आवाज चढवला. "प्रत्येक घरानं एक कुत्रं घेतलं तर प्रश्नच मिटला!" टाळ्या पडल्या. बँकेतल्या चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या भाषणाला टाळ्या पडल्या नव्हत्या, त्यामुळे मी हवेत होतो. घरी येऊन हे पुण्याच्या मुलीला फोनवर सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मग बाबा, तुम्ही कधी घेताय?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चिकू आमच्याच गल्लीतला. बदामी रंगाचा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा, जिन्याखाली पावसात कुडकुडत बसलेला. चिक्कडपल्लीचा म्हणून चिकू. खरं तर मला नाव निजाम ठेवायचं होतं, पण ज्या शहरात राहतो तिथे असले विनोद करू नयेत असं सौ.चं मत पडलं. त्याच्या कानाच्या टोकाला त्रिकोणी खाच होती. मारामारीतली जखम समजून मी तीन दिवस तिच्यावर हळद आणि खोबरेल लावलं. चौथ्या दिवशी वॉचमननं विचारलं, "सार, पसुपु एंदुकु?" हळद कशाला? मग त्यानं समजावलं की महापालिकेनं नसबंदी करून, रेबीजची लस टोचून सोडलेल्या कुत्र्याची ती खूण आहे. एका सरकारी शिक्क्यावर मी तीन दिवस हळद चोळत होतो.

मुलीनं फोनवर तीनाचा नियम सांगितला. रस्त्यावरचं कुत्रं घरात आलं की पहिले तीन दिवस घाबरलेलं असतं, तीन आठवड्यांत घराची शिस्त समजते, तीन महिन्यांत ते आपलं होतं. चौथा तीन तिनं सांगितला नाही. रात्रीचे तीन.

पहिल्या रात्री मी त्याला वाटीभर दूध दिलं. मोठ्या कुत्र्यांना दूध बहुधा पचत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. गॅलरीला पहाटेच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी आईनं सूत्रं हाती घेतली. आई चौऱ्याऐंशीची. माहेर हिंगोलीकडचं, म्हणजे नरसीच्या नामदेवांवर तिचा जवळजवळ घरचा हक्क. कुत्र्यानं कोरडी भाकरी पळवली म्हणून नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट तिनं मला लहानपणी शंभरदा सांगितली होती. आता तिला प्रत्यक्ष कुत्रं मिळालं होतं. तिनं गरम भातावर तुपाची धार धरली आणि चिकूनं ताट आरशासारखं केलं. तुपानंतर नामदेवांच्या कुत्र्याचं काय झालं, हे कोणत्याही कीर्तनकारानं सांगितलेलं नाही. आमच्याकडे ते रात्री पावणेतीनला झालं, पावणेचारला झालं आणि पाच वाजता पुन्हा.

डॉक्टरीणबाई तरुण, चटपटीत. त्यांच्या भिंतीवर एक तक्ता होता, कुत्र्याच्या शौचाचा, एक ते सात. एक म्हणजे खडा, दोन म्हणजे उत्तम, सात म्हणजे पाणी. "आज किती?" त्यांनी विचारलं. मी बँकेतला माणूस, म्हणालो, "साडेसहा." त्यांनी थर्मामीटर लावला. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान, हे मला ठाऊक नव्हतं. एकशे दोनचा आकडा पाहून मी खुर्चीत बसलो. त्यांनी आधी मला पाणी दिलं, मग चिकूला सलाईन. आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी ताजा नमुना आणा."

तर हिंगाची डबी. घरात झाकणाची दुसरी लहान डबी नव्हती. नमुना ताजा हवा, म्हणजे घटना घडताना हजर हवं. पावणेतीनला चिकू कुंईकुंई करत उठला, मी लुंगीवर शर्ट चढवून खाली उतरलो. मेट्रोच्या खांबापाशी तो गोल गोल फिरू लागला, मी चमचा सरसावून त्याच्यामागे गोल गोल. चहा शोधत निघालेली तीन पोरं थांबली. एकानं हातातल्या चालू घडामोडींच्या पुस्तकात बोट घालून विचारलं, "एमैंदि सार?" काय झालं? दुसऱ्यानं माझ्याआधीच उत्तर दिलं, "मोशन्स रा!" तिसऱ्यानं काही न बोलता मोबाइलचा दिवा लावून नेमका जागेवर धरला. हा मुलगा उद्या कलेक्टर झाला तर मला आश्चर्य वाटणार नाही. त्याच्या उजेडात मी चमचाभर नमुना डबीत घेतला. तपासणीत अंकुशकृमी निघाले. शिवाय तपासणाऱ्या मुलानं विचारलं, "अंकल, इसको हिंग खिलाते क्या?"

जंताचं औषध सुरू झालं आणि मला हायसं वाटलं. दोष माझा नाही, जंतांचा. मी ही बातमी कट्ट्यावर, वॉचमनला, खालच्या मजल्यावरच्या गारूंना (तेलुगूतले 'राव'), सगळ्यांना स्वतः होऊन सांगितली. गारूंनी दोन रात्रींच्या जागरणाचा हिशोब मांडला. मी म्हणालो, "आता गेले जंत."

जंत गेले. बाकी सगळं राहिलं.

गोळ्यांचं एक वेगळं प्रकरण. कडू गोळी केळ्यात घातली, त्यानं केळं खाल्लं आणि गोळी फरशीवर ठेवली. पेढ्यात घातली, पेढा खाऊन गोळी ठेवली, तीही चाटूनपुसून स्वच्छ. शेवटी सौ.नं जबडा उघडून गोळी जिभेच्या मुळाशी टाकली, तोंड मिटवून गळ्यावरून हात फिरवला, पाच सेकंदांत काम. "मुलीला अशीच देत होते मी," ती म्हणाली. तेव्हा मी बँकेत होतो.

भाषेचाही घोळ होता. "चिकू, ये" म्हटलं की तो ढिम्म. वॉचमननं "रा!" म्हटलं की शेपूट हलवत हजर. "बस, बस" म्हटलं की भिंतीकडे बघणार, "वद्दु" म्हटलं की तोंडातली चप्पल खाली. तीस वर्षं इथे राहून मी तेलुगू शिकलो नव्हतो. चिकूमुळे आठवड्यात बारा क्रियापदं आली. आमच्या दोघांच्या भाषेत एकच शब्द सामाईक निघाला : "नक्को". दखनीनं तो मराठीकडूनच उचललेला, त्यामुळे तो ऐकला की मला घरचं कोणी भेटल्यासारखं होई. चिकूला तो समजे, मानत नसे.

२७ ऑगस्टला गणपती आले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, भात आणि उकडलेलं चिकन, मीठ नाही, मसाला नाही, तूप तर अजिबात नाही. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. आता देशस्थाच्या घरात, समोर दीड दिवसाचा गणपती, ओट्यावर उकडीचे मोदक, तिथे चिकन कुठे शिजवायचं? मी तोडगा काढला. वॉचमनच्या खोलीत तो शिजवेल, पैसे मी देईन. चिकूचं पोट दोन दिवसांत आणखी बिघडलं. मी चौकशी केली तेव्हा वॉचमननं निरागसपणे सांगितलं, "रुचि कोसं सार." चवीसाठी. थोडा कांदा, थोडं अल्लम-वेल्लुल्ली, म्हणजे आलं-लसूण. नुसतं उकडलेलं चिकन एखाद्या जिवाला वाढणं हैदराबादच्या माणसाला पाप वाटत असावं. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे डॉक्टरीणबाईंनी फोनवर ज्या आवाजात सांगितलं, त्यानंतर चिकन आमच्याच गॅलरीत, इंडक्शनच्या शेगडीवर आलं. आईनं गॅलरीचं दार लावून घेतलं आणि आतून विचारलं, "शिजलं का रे नीट त्याचं?"

सौ.नं तक्त्यातले आकडे कालनिर्णयात लिहायला सुरुवात केली. दुधाच्या नोंदीखाली, प्रत्येक चौकोनात : ६, ६, ५, ७, ६. गणपतीला आलेल्या एका पाहुण्यानं ते बराच वेळ निरखलं आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "शुगर सात म्हणजे नव्या पद्धतीत बरी आहे की."

६ सप्टेंबरला विसर्जनाच्या मिरवणुका हुसेनसागराकडे निघाल्या. ढोल, फटाके, डीजे. आधीच आरटीसी क्रॉसरोडजवळ राहणाऱ्याला फटाक्यांसाठी दिवाळीची वाट बघावी लागत नाही. एखाद्या मोठ्या हिरोचा सिनेमा लागला की पुरे. त्या रात्री चिकू न्हाणीघरात बादलीमागे शिरला तो निघेना. मी बाहेर पाटावर बसून त्याला धीर देत होतो. कसा देत होतो, ते इथवर मी लपवलं आहे.

पावणेतीनला चिकू रडायला लागला की खालचे गारू उठत. गारू उठू नयेत म्हणून मी पहिल्या आठवड्यातच एक उपाय शोधला होता. उशाशी स्टीलचा डबा, डब्यात उस्मानिया बिस्किटं. एक दिलं की चिकू गप्प. दोन दिली की झोपायचा. मीही एक खायचो, रात्री भूक लागते. माझ्या मनाची मी समजूतही घातली होती : हे बिस्कीट मुळात उस्मानिया रुग्णालयातल्या रुग्णांसाठी केलं गेलं, असं हैदराबादेत कोणीही सांगेल. मग रुग्णाला रुग्णाचं बिस्कीट दिलं तर बिघडलं कुठे? त्यात लोणी असतं, मैदा असतो, साखर असते, हे मी जाणूनबुजून आठवत नव्हतो. सौ.ला सांगितलं नव्हतं, कारण डॉक्टरांनी मलाही ती बिस्किटं बंद केली होती.

तिसऱ्या खेपेला दवाखान्यात चिकू टेबलावर असा पडला होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जीभ बाहेर, डोळे अर्धे. "घरात याला आणखी कोण काय देतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सौ.नं आईचं तूप सांगितलं, वॉचमनचा कांदा सांगितला. मी नामदेवांची गोष्ट सांगू लागलो. बोलता बोलता बाईंनी मागच्या फळीवरचा कापसाचा स्टीलचा डबा उचलला आणि झाकण काढलं. टक्क.

चिकू ताडकन उठून बसला. कान उभे, पाठ ताठ, उजवा पंजा पुढे. बाईंकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. तो माझ्याकडे बघत होता.

बाईंनी झाकण लावलं, पुन्हा काढलं. टक्क. पंजा पुन्हा पुढे. सौ.नं डब्याकडे पाहिलं, चिकूकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "अहो," ती म्हणाली. एवढंच. बत्तीस वर्षांच्या संसारात त्या एका शब्दाचे सगळे अर्थ मला पाठ आहेत.

नंतर बाईंनी सांगितलं ते असं. जंत होतेच, दूध आणि तूप भोवलंच. पण पोट रोज रात्री नव्यानं बिघडत होतं ते बिस्किटानं, आणि तो रोज पावणेतीनला उठत होता तोही बिस्किटासाठी. आधी पोट दुखून उठायचा. मग उठलं की मिळतं हे कळल्यावर ठरलेल्या वेळी उठू लागला. मी दोन आठवडे मेहनत घेऊन एका रस्त्यावरच्या कुत्र्याला रात्री पावणेतीनची नोकरी लावून दिली होती.

नोकरी सुटायला नऊ रात्री लागल्या. तो रडायचा, मी डोळे मिटून पडून राहायचो, खालून गारू काठीनं छत ठोकायचे. दहाव्या रात्री मला पावणेतीनला जाग आली. चिकू झोपला होता. मीच सवयीनं उठून बसलो होतो आणि हात उशाशी डबा शोधत होता.

काल कालनिर्णयात "२" आला. सौ.नं त्याला लाल पेनानं गोल केला. बिस्किटांचा डबा आता आईच्या देव्हाऱ्यामागे असतो. त्यात अकरा बिस्किटं आहेत आणि ती रोज सकाळी मोजली जातात.