नादखुळ्यांच्या बाजूनं

सातारा-सांगलीकडं 'नाद' हा शब्द दोन वजनांनी बोलला जातो. "त्याच्या नादाला लागू नकोस," असं आई बजावते तेव्हा नाद म्हणजे वाटोळं. घरात चार माणसांची ओढाताण असतानाही खिलार बैलाला स्वतःच्या वाटणीचं खाऊ घालणाऱ्या म्हाताऱ्याकडं बघून गाव म्हणतं, "याला नाद असावा लागतो." तेव्हा त्याच शब्दात मान असतो. 'नादखुळा' हा शब्द या दोन वजनांच्या बरोबर मधे उभा आहे. माणूस खुळा आहे हे त्यात कबूल केलेलं असतं आणि त्या खुळेपणाला हातही जोडलेले असतात. मला आज अशाच एका खुळाची स्तुती करायची आहे. अजून न आलेल्या, कधी येईल याची खात्री नसलेल्या व्हिडिओ गेमची वर्षानुवर्षं वाट पाहणं, हे ते खूळ.

७ जून २०२५ च्या रात्री मी सांगलीला बहिणीकडं होतो. बाहेर पाऊस होता. भाच्यानं दोन वाजून वीस मिनिटांचा गजर लावला होता, कारण अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ दुपारी दोनला सुरू होणारा 'समर गेम फेस्ट' आपल्याकडं रात्री अडीचला दिसतो. गेम बनवणाऱ्या कंपन्या वर्षातून एकदा तिथं येतात आणि पुढं काय आणणार याची झलक दाखवतात. पूर्वी हे काम 'ई-थ्री' नावाचा मेळा करायचा. तो १९९५ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये कायमचा बंद झाल्याचं जाहीर झालं. मेळा गेला, पण वाट पाहणारे राहिले.

मी काहीतरी विचारायला गेलो तर भाचा म्हणाला, "मामा, आता गप. सुरू झालं." मोबाइलच्या पडद्यावर दोन तास एकामागून एक झलक येत राहिली. सगळ्यात शेवटी 'रेसिडेंट इव्हिल रेक्विएम'ची घोषणा झाली, तारीख २७ फेब्रुवारी २०२६. भिंतीवरच्या कालनिर्णयात पुढच्या वर्षाचं पान नव्हतं, म्हणून पोरानं ती तारीख वहीच्या मागच्या पानावर लिहिली. माझ्या लक्षात आलं, तो तर मराठी भाषा गौरव दिन. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मग तर विसरणारच नाही."

शहाणी माणसं या खुळावर तीन आक्षेप घेतात. तिन्ही खरे आहेत, म्हणून तिन्हींना नीट उत्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप असा, की जी वस्तू अजून तयारच नाही तिच्यासाठी झोप कशाला मोडायची? हा प्रश्न विचारणाऱ्यानं कुंडलच्या कुस्ती मैदानाचं पोस्टर आठवावं. जोड जाहीर झाली, दोन पैलवानांचे फोटो समोरासमोर छापले गेले, की कुस्ती तिथंच सुरू होते. एसटी स्टँडवर, सलूनमध्ये, डेअरीच्या रांगेत ती रोज लढली जाते. हा घिस्सा मारणार, तो एकेरी पट काढणार, याचा दम दहा मिनिटांच्या पुढं टिकत नाही. प्रत्यक्ष मैदानात कुस्ती कधी दोन मिनिटांत निकाली होते, कधी बरोबरीत सुटते. पण पोस्टर लागल्यापासून शड्डू ठोकेपर्यंत ती ज्यांनी मनात लढवली, त्यांची कुस्ती कुणालाही काढून घेता येत नाही.

गेमची वाट पाहणारेही हेच करतात. 'एल्डन रिंग' हा जपानी गेम २०१९ च्या ई-थ्रीमध्ये जाहीर झाला आणि मग दोन वर्षं त्याच्याबद्दल जवळजवळ काहीच कळलं नाही. या शांततेत जगभरच्या चाहत्यांनी त्या गेममधले राक्षस स्वतःच रचायला घेतले. 'ग्लेव्ह मास्टर होडिर' नावाचा एक योद्धा त्यांनी जन्माला घातला, त्याला इतिहास दिला, त्याच्याशी कसं लढायचं याच्या युक्त्या एकमेकांना शिकवल्या. असा कुणी योद्धा त्या गेममध्ये नव्हता आणि २५ फेब्रुवारी २०२२ ला गेम आला तेव्हाही नव्हता. शहाण्याला यात वेळेची नासाडी दिसते. मला दिसतं ते असं, की हातात काहीच नसताना हजारो अनोळखी माणसांनी मिळून एक गोष्ट रचली. आजीकडून भुताची गोष्ट ऐकलेली पोरं दुसऱ्या दिवशी वडाखाली तीच गोष्ट पुढं नेतात, तशी.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. ज्याच्यावर हे गेम खेळतात तो प्लेस्टेशन ५ भारतात ५४,९९० रुपयांना विकला गेला. त्याचा एक मोठा गेम ४,९९९ रुपयांना. ऊस गेल्यावर बिल कधी जमा होतं याकडं डोळे लावून बसलेल्या घरात हा खर्च कोण काढणार? भाच्याच्या घरातल्या जुन्या लॅपटॉपवर यातलं काहीच चालणार नाही, हे त्यालाही माहीत आहे. मग परवडतच नाही त्याची वाट कशाला पाहायची?

याच कारणासाठी पाहायची. या सगळ्या व्यवसायात फुकट आणि सगळ्यांना सारखी मिळणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ही पहिली झलक. एक काळ असा होता, की मुंबईत लागलेला सिनेमा तालुक्याच्या टूरिंग टॉकीजला यायला महिने लागायचे. तोवर त्याची गाणी जुनी झालेली, रिळं झिजलेली. आमच्या भागातल्या माणसाला जगातलं नवं नेहमी उशिरा आणि वापरून झालेलं मिळालं. 'जीटीए सिक्स' या गेमची पहिली झलक मात्र ५ डिसेंबर २०२३ च्या पहाटे आली तेव्हा कोरेगावच्या पोरानं आणि न्यूयॉर्कच्या पोरानं ती एकाच क्षणी पाहिली. दोघांना सारखंच माहीत होतं आणि सारखंच माहीत नव्हतं. गेम येईल तेव्हा त्यांच्या वाटा वेगळ्या होतील. तोवर ते दोघं एकाच रांगेत उभे आहेत आणि त्या रांगेत पुढं घुसायला पैसा उपयोगी पडत नाही. मिळकतीनं वेगळी पडलेली माणसं अशी बरोबरीनं उभी राहतात ते प्रसंग थोडे असतात. त्यातला एक रात्री अडीचला उठून मिळत असेल, तर उठावं.

ही रांग लांब आहे. 'जीटीए फाइव्ह' आला १७ सप्टेंबर २०१३ ला. पुढच्या भागासाठी आधी २०२५ सांगितलं, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. म्हणजे मधे तेरा वर्षं. २०१३ मध्ये पहिलीत असलेलं पोर एवढ्यात कॉलेजात पोचतं. आमच्याकडचा शेतकरी आडसाली उसासाठी सोळा-अठरा महिने थांबतो आणि तेवढ्यानंही जीव टांगणीला लागतो. हे तर तेरा वर्षांचं पीक झालं.

पण लांबणं म्हणजे बिघडणं नव्हे, हे साताऱ्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. कासच्या पठारावर टोपली कारवी सात-आठ वर्षांतून एकदा भरभरून फुलते. मधल्या वर्षी कुणी तिला खोटारडी म्हणत नाही. 'हॉलो नाइट: सिल्कसाँग'ची घोषणा फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली आणि गेम ४ सप्टेंबर २०२५ ला आला. जवळजवळ कारवीचा एक फेरा. बनवणारी 'टीम चेरी' ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची, मूळची तीन जणांची. दर मेळ्यात लोक तिची वाट पाहायचे आणि झलक आली नाही, की स्वतःच्याच फोटोला विदूषकाचं नाक लावून टाकायचे. एवढा उशीर का, याचं त्या माणसांनी शेवटी दिलेलं उत्तर साधं होतं. काम करण्यात आनंद मिळत होता, म्हणून ते करत राहिले. गेम विक्रीला आला त्या तासाला गर्दीपायी मोठमोठी ऑनलाइन दुकानं बंद पडली. सहा वर्षांत एकाही माणसाचा नाद सुटलेला नव्हता, असंच त्या गर्दीकडं बघून वाटलं. घाईत असलेल्या बाजारात तीन माणसांना त्यांच्या चालीनं काम करू देणारी ताकद कुठली? वाट पाहणाऱ्यांची. त्यांनी सोडून दिलं असतं तर तो गेम अर्धवटच कुठंतरी पडून राहिला असता.

तिसरा आक्षेप फसवणुकीचा आणि तो सगळ्यात टोकदार आहे. झलक सुंदर असते, माल तसा निघेलच असं नाही. 'सायबरपंक २०७७' मे २०१२ मध्ये जाहीर झाला, १० डिसेंबर २०२० ला आला, आणि इतका मोडका निघाला की आठवड्याभरात प्लेस्टेशनवाल्या सोनीनं तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि लोकांना पैसे परत देऊ केले. इथं नादखुळ्यांच्या बाजूनं बोलताना मला एक रेघ ओढायला हवी. वाट पाहणं हा नाद आहे. न पाहिलेल्या मालासाठी आगाऊ पैसे मोजणं हा वायदा आहे, आणि वायद्याची जात वेगळी. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होतो तेव्हा व्यापारी हळकुंड हातात घेतो, मोडतो, आतला रंग बघतो, वास घेतो, मग बोली लावतो. राजापुरी हळदीचं नाव कितीही मोठं असो, हळकुंड मोडल्याशिवाय भाव ठरत नाही. भाच्याला मी एवढंच सांगितलं आहे: स्वप्न झलकेवर बघ, पैसे हळकुंड मोडल्यावर दे.

आणि फसलेल्यांनीसुद्धा त्या गेमकडं पाठ फिरवली नाही. ते रागावले, भांडले, पण लक्ष ठेवून राहिले. कंपनीला दुरुस्ती करत राहावं लागलं आणि सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या सुधारणेनंतर तोच गेम नावाजला गेला. उदासीन गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. नादखुळं गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारतं, "बोलला होता ते कुठाय?" त्याच्यामुळं दुकान सुधारतं.

न झालेल्या गोष्टीवर विश्वास टाकण्याचा नाद आमच्या मातीत जुना आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले तेव्हा हातात पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी सात हजार रुपयांसाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. शहाणपणाच्या हिशेबात हा शुद्ध खुळेपणा होता, कारण परतीची कुठलीच हमी नव्हती. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

वर्गणीची ही रीत आता गेमच्या जगातही आहे. 'हॉलो नाइट'चा पहिला भाग २०१४ मध्ये लोकांनी दिलेल्या सुमारे ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांवर उभा राहिला. आमच्या शेजारच्या पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स'नं २०१७ मध्ये 'राजी' या गेमसाठी अशीच झोळी पसरली, ती भरली नाही. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड यांनी तरीही काम सोडलं नाही. धाकट्या भावाला शोधायला निघालेल्या, दुर्गेनं शस्त्र दिलेल्या मुलीची ती गोष्ट १८ ऑगस्ट २०२० ला निन्टेन्डोच्या ऑनलाइन सादरीकरणात झळकली आणि त्याच दिवशी विक्रीलाही आली. त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी तिचं नामांकन झालं. एरवी ज्या मेळ्यांकडं आम्ही लांबून बघतो, तिथं साताऱ्यापासून तीन तासांच्या अंतरावरच्या गावातली माणसं उभी राहिली होती.

हे सगळं मी लिहायला घेतलं ते भाच्याच्या त्या वहीमुळं. सकाळी तो झोपला होता आणि वही उशाशी उघडी पडली होती. मागच्या पानावर तारखांची यादी होती. पान उलटलं, तर पुढं कुठल्याच कंपनीनं न दाखवलेला गेम होता. पेन्सिलीनं काढलेला सांगलीचा आयर्विन पूल. पुलाच्या खांबावर फुटांच्या खुणा, चाळीसवर 'इशारा', पंचेचाळीसवर 'धोका'. खाली कृष्णा, आणि कृष्णेत एक नाव. शेजारी नियम लिहिलेले: पाणी दर मिनिटाला चढणार. पंचेचाळीसच्या आत गावातली सगळी माणसं पलीकडं न्यायची. एका खेपेला चार माणसं किंवा एक म्हैस. आजी म्हैस सोडून येत नाही.

२०१९ च्या पुरात आमच्या ताईच्या घरात पाणी आलं होतं. पोरगं तेव्हा लहान होतं. त्यानं त्यातलं काय पाहिलं आणि काय मनात ठेवलं, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्यांच्या खेळांची वाट पाहता पाहता, रिकाम्या जागा भरता भरता, त्याला स्वतःचा खेळ सापडला होता. पानाच्या वर त्यानं 'तारीख' असा शब्द लिहिला होता आणि पुढं जागा कोरी ठेवली होती.

मी वही होती तशी ठेवली. आता वाट पाहणाऱ्यांत मीही आहे.