एका रात्रीत लेख स्वीकारणाऱ्या मुख्य संपादकांस

मुक्काम तुळजापूर, जि. धाराशिव

प्रातःस्मरणीय मुख्य संपादक महोदय यांच्या चरणी साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, आपले आभार मानल्यावाचून राहवेना. मेडिकल इमेजिंगवरील आपल्या ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकाचे निमंत्रण रोज पहाटे, देवीच्या चरणतीर्थाच्याही आधी, माझ्या मेलमध्ये हजर असते. मी साधा रेडिओलॉजिस्ट. आपण मला ‘जगद्विख्यात विद्वान’ म्हणता आणि मत्स्यशेतीच्या विशेषांकातही लिहायला बोलावता. एवढा मान घरच्यांनीही कधी दिला नाही.

आपल्या तत्परतेला तर तोड नाही. आमच्या भागातल्या एका तरुण रेडिओलॉजिस्टने यकृतातल्या हायडॅटिड गाठीवरचा लेख रात्री आपल्याकडे पाठवला आणि सकाळी चहाच्या आत स्वीकृतीपत्र आले. तीन परीक्षकांनी तो वाचला, असेही आपण कळवलेत. तिघांच्या अभिप्रायात एकच वाक्य होते आणि त्या वाक्यातली स्पेलिंगची चूकही तिघांची एकच होती. परीक्षकांत इतके एकमत आम्ही प्रथमच पाहिले.

आपण आमचे कष्ट किती वाचवलेत! इतर संपादक फार छळतात हो. एथिक्स कमिटीची परवानगी दाखवा, रुग्णाची लेखी संमती जोडा, परीक्षकाला लेखक कोण ते कळू नये म्हणून नावांचे पान वेगळे द्या. निदानाची अचूकता मोजली असेल तर स्टार्डची यादी भरा. प्रतिमा मूळ दर्जाची हवी, बाण नेमक्या जागी हवा, खालच्या ओळीत कोणती तपासणी आणि काय दिसते ते हवे. आपल्याला यातले काहीच लागत नाही. व्ह्यू-बॉक्सवरच्या फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटोही, ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबासकट, आपण प्रेमाने छापता.

आपल्या ताज्या अंकातली एक सीटी प्रतिमा मी मोठी करून पाहिली. डाव्या कोपऱ्यात रुग्ण बाईंचे पूर्ण नाव, वय, रुग्णालयातला नोंदणी क्रमांक आणि तारीख स्वच्छ वाचता येते. डायकॉम फाइलमधली माहिती पुसायची असते, आणि सोनोग्राफीच्या चित्रावरच उमटलेली अक्षरे वेगळी झाकायची असतात, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. आपल्या तिन्ही परीक्षकांनी त्या बाईंना जगप्रसिद्ध केले. त्यांना कुणी विचारले नव्हते, एवढेच.

शुल्काबद्दलही ऋणी आहोत. तुळजापुरात जोगवा मागणारी बाई परडी पुढे करते, पीठ मिळो वा मूठभर जोंधळे, आईचे नाव घेऊन पुढच्या दारी जाते. आपण डॉलर मागता, आणि तेही लेख स्वीकारून झाल्यावर. त्या तरुणाने घाबरून लेख परत मागितला, तेव्हा परतीचे वेगळे डॉलर सांगितलेत. पैसे येण्याआधीच लेख संकेतस्थळावर चढवण्याची दक्षताही घेतलीत. एकदा छापलेला लेख दुसरे नियतकालिक घेत नाही, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे.

वेगाचा दाखला म्हणून आपण रोंटगेन यांचे नाव घ्याल, म्हणून आधीच कबूल करतो. २८ डिसेंबर १८९५ रोजी त्यांनी क्ष-किरणांवरचा लेख दिला आणि तो काही दिवसांत छापूनही झाला. मात्र ८ नोव्हेंबरपासून ते प्रयोगशाळेत तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ताडून पाहत होते. शोधाचे पेटंटही त्यांनी घेतले नाही. आपल्या व्यवसायाला हे गृहस्थ अगदीच निरुपयोगी.

आपले बांधवही थोर. २०१३ मध्ये विज्ञान-पत्रकार जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक बनावट लेख ३०४ नियतकालिकांकडे पाठवला, तो १५७ जणांनी स्वीकारला. २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात, अस्तित्वातच नसलेल्या एका बाईंना ४८ नियतकालिकांनी संपादकपद देऊ केले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन समूहाला ५ कोटी डॉलरहून अधिक भरायला सांगितले. त्याआधी, २०१८ मध्ये, आपल्या यूजीसीने मान्यताप्राप्त यादीतून ४३०५ नियतकालिके वगळली होती. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात आपला निभाव लागतो आहे, याबद्दल अभिनंदन.

महोदय, आता आपण फुकट घालवलेल्या त्या लेखाबद्दल. बालाघाटाच्या या पट्ट्यात मेंढरे आणि राखणीची कुत्री माणसांच्या सोबतीने राहतात. कुत्र्याच्या आतड्यातल्या बारीक कृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली की यकृतात पाण्याची गाठ धरते. सोनोग्राफीत ती कधी नुसती काळी, गोल दिसते, कधी आत सुटलेला पडदा तरंगतो, कधी ती भरून घट्ट होते. गोळ्या द्यायच्या, सुईने पाणी काढायचे, शस्त्रक्रिया करायची की नुसती नजर ठेवायची, हे त्या रूपावरून ठरते. चित्राखाली चुकीचा टप्पा छापला, तर तो वाचून कुणीतरी गरज नसलेल्या पोटावर सुरी चालवेल.

या गाठीची सोनोग्राफीवरून केलेली पहिली नामांकित वर्गवारी ट्युनिशियाच्या घार्बी यांनी १९८१ मध्ये ‘रेडिओलॉजी’त मांडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाची आजची सीई १ ते सीई ५ ही वर्गवारी त्याच वाटेने पुढे आली. श्रीमंत देशांबाहेरच्या डॉक्टरांनी आपले रुग्ण नीट पाहिले, नीट लिहिले आणि जगाने ते वापरले. धाराशिवच्या डॉक्टरलाही हे जमेल. त्याच्याकडे रुग्ण आहेत, मशीन आहे, नजर आहे. त्याची पहिलीच मेहनत आपण डॉलरच्या बिलाखाली पुरता, हा आपला खरा अपराध. विनंती एवढीच, की सीटी प्रतिमेतल्या त्या रुग्ण बाईंचे नाव आजच्या आज झाका आणि त्या पोराचा लेख सोडून द्या.

आणि वाचणाऱ्या तरुण डॉक्टरांनो, बढतीला लेख लागतात, मुदत जवळ येते, हे मान्य. तरी पाठवण्याआधी नियतकालिक मेडलाइन किंवा डीओएजे या सूचींमध्ये आहे का पाहा. संपादक मंडळातल्या एखाद्याला मेल करून विचारा. आपल्या रेडिओलॉजी संघटनेचे ‘इंडियन जर्नल ऑफ रेडिओलॉजी अँड इमेजिंग’ आहे, तिथे पाठवा. नकार आला तर परीक्षकाचे शेरे वाचा, लेख सुधारा, पुन्हा पाठवा. त्या शेऱ्यांतून मिळणारे शिक्षण कुठल्याही स्वीकृतीपत्रात नसते.

निवड समितीवर बसणाऱ्या ज्येष्ठांनाही हात जोडून सांगणे आहे. उमेदवाराच्या यादीतले लेख मोजण्याआधी त्यातला एक तरी उघडून वाचा. तुम्ही वाचू लागलात, की या महोदयांचे दुकान बंद होईल.

आपला,
तुळजापूरचा एक रेडिओलॉजिस्ट