सेकंडहँड गाडीची शास्त्रोक्त खरेदी-विक्री : एमएच १८ आणि एमएच १९ साठी

प्रस्तुत मार्गदर्शन धुळे आणि जळगाव पासिंगच्या तमाम नागरिकांसाठी आहे. १९०६ साली इंग्रज सरकारने खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. तेव्हापासून जळगावकराला धुळ्याची गाडी रगडलेली वाटते आणि धुळेकराला जळगावची गाडी महाग वाटते. हा संशय आपण शंभर वर्षांहून अधिक काळ जपला. मोबाइलवर जाहिरात दिसली की मात्र तो कुठे जातो कोण जाणे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचे दात मोजून, त्याला चार फेऱ्या पळवून, वर मालकाच्या चार पिढ्यांची चौकशी करणारा माणूस फोटोतल्या गाडीवर रात्री अकराला टोकन टाकून मोकळा होतो.

प्रथम जाहिरात वाचायला शिकावे. ‘सिंगल ओनर, शोरूम कंडिशन, अर्जंट सेल.’ यातला ‘अर्जंट’ एवढाच शब्द खरा. घाई खरोखरच असते, फक्त ती गाडी विकण्याची नसते.

भाव बाजारापेक्षा निम्मा दिसला, की मालक फौजी निघणार हे धरून चालावे. तो लष्करात किंवा सीआयएसएफमध्ये असतो आणि त्याची नुकतीच बदली झालेली असते. ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड आणि गणवेशातला फोटो आपण न मागता येतो. आपल्याकडे गावोगावची दोन-चार पोरं फौजेत असतातच, त्यामुळे गणवेश पाहिला की आपण निम्मे विरघळतो. गाडी म्हणे लष्कराच्या ट्रकमधून घरपोच येणार. भाडे तेवढे आगाऊ भरायचे, तेही परत मिळणारे. भाडे भरले की गेटपास निघतो, गेटपासनंतर विमा, विम्यानंतर आणखी काही. ट्रक मात्र शेवटपर्यंत निघत नाही. राजस्थानातल्या भरतपूर-अलवर आणि हरियाणातल्या नूह भागातल्या टोळ्यांचा हा वेष पोलिसांच्या चांगल्या ओळखीचा आहे. खऱ्या फौजीची खूण सोपी आहे. सुट्टीवर आलेला फौजी गाडी विकत नाही, घेतो. तरीही शंका उरली आणि तो स्वतःला साक्रीकडचा म्हणवत असला, तर एकच प्रश्न करावा : ‘भो, कोन गावना शेतस तुम्ही?’ पलीकडून ‘जी सर’ आले की फोन ठेवावा.

विकणाऱ्यांसाठीही एक लक्षण सांगून ठेवतो. जाहिरात टाकून पाच मिनिटे होत नाहीत तोच फोन येतो. गिऱ्हाईक गाडी न पाहता, घासाघीस न करता तुमचा भाव मान्य करते. खानदेशात राहून ज्याला हे संशयास्पद वाटले नाही, त्याने आपले रेशनकार्ड तपासून घ्यावे. मग बयाणा पाठवतो म्हणून क्यूआर कोड येतो : स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही नाही. हे वाक्य देव्हाऱ्याशेजारी चिकटवून ठेवावे.

आता खरा कलावंत. याच्याकडे गाडी नसते आणि पैसेही नसतात. धुळ्याच्या माणसाने साडेचार लाखांची जाहिरात टाकलेली असते. कलावंत ते फोटो उचलतो आणि तीच गाडी साडेतीन लाखांना जळगावच्या माणसाला दाखवतो. धुळेकराला सांगतो, ‘माझा एक माणूस गाडी पाहायला येईल, मी त्याचं देणं लागतो, ते फेडायला ही गाडी देतोय. त्याच्यासमोर भावाचं बोलू नका.’ जळगावकराला सांगतो, ‘गाडी माझ्या चुलतभावाच्या ताब्यात आहे, त्याला कमिशनचं माहीत नाही. भावाचं बोलू नका.’ दोघे पारोळ्याला हायवेवर भेटतात. गाडी खरी असते, आरसी बुक खरे असते, मिस्त्रीही खूष होतो. चहा होतो, केळीचे भाव होतात, कापसाचे होतात, भरिताच्या वांग्यांवर मतभेद होतात. खानदेशातली दोन प्रौढ माणसे गाडीच्या चारही बाजूंना तासभर हिंडतात आणि भावाचा भ काढत नाहीत. हा चमत्कार घडवणाऱ्याला दाद दिली पाहिजे. ‘गाडी पसंत’ असा निरोप गेला की जळगावकर साडेतीन लाख कलावंताने दिलेल्या खात्यावर टाकतो आणि चावीसाठी हात पुढे करतो. धुळेकर विचारतो, ‘पैसे?’ पुढचे दृश्य पोलीस ठाण्यात.

पारोळ्यात मूर्ख कोणीच नव्हते. जळगावकराला लाखाने स्वस्त गाडी मिळत होती, म्हणून त्याने तोंड उघडले नाही. धुळेकराला पुरा भाव मिळत होता, म्हणून तोही गप्प. समोरचा येडा सापडला, असे दोघांनाही मनातून वाटत होते आणि कलावंताचे सारे भांडवल तेवढेच होते. उपाय एका वाक्याचा आहे. समोरच्याला मोठ्याने विचारा, ‘कितीला दिली?’ आणि पैसे आरसीवर ज्याचे नाव त्याच्याच खात्यावर टाका, मेहुणा, चुलतभाऊ, मॅनेजर कोणाच्याही नाही.

एवढे करूनही पैसे गेले, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले तरच हाती लागतात. घरात कळू नये म्हणून दोन दिवस गप्प राहण्याची आपली जुनी प्रथा आहे. समोरच्या मंडळींना ती फार सोयीची जाते.

गाडी समोर उभी असेल तर मिस्त्री न्यावा. विकणाऱ्याने सुचवलेला नको. ‘गाडीतलं सगळं कळतं’ अशी ख्याती असलेला मित्रही नको, त्याला फक्त रंग कळतो. मीटरवर विश्वास ठेवू नये, तो मागे फिरवता येतो. सर्व्हिसच्या नोंदी पाहाव्यात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ‘३२१८’ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. गाडी २०२२ ची आणि टायर २०१८ चे, असे निघाले तर चहा न घेता उठावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा आणि पायाखालचे कार्पेट उचलावे. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले, तेव्हा असंख्य गाड्याही बुडाल्या. पुरातून निघालेली गाडी धुऊनपुसून लांबच्या जिल्ह्यात विकली जाते. मालक शपथेवर सांगत असेल की गाडी चाळीसगावच्या पुढे कधी गेलीच नाही आणि कार्पेटखाली लाल माती निघाली, तर आपल्या काळ्या मातीच्या मुलखात ती कुठून आली, एवढेच नम्रपणे विचारावे.

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बोजा, विमा आणि नोंदणीची तारीख पाहावी. बँकेचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नये. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल आली तर ती उघडू नये. आरटीओ इतक्या तत्परतेने कोणाला काही पाठवत नाही.

विक्री झाली की ‘टीटी फॉर्मवर सह्या करून दिल्या, आता आपलं काय’ म्हणून विकणारा निर्धास्त झोपतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते, घेणाऱ्याने तीस दिवसांत. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. गाडी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती विकली गेली होती, पण नोंदणीवर नाव पहिल्या मालकाचेच होते. अपघाताच्या भरपाईला न्यायालयाने त्या पहिल्यालाच जबाबदार धरले. म्हणून ताबा देताना तारीख आणि वेळ टाकून पावती करावी, घेणाऱ्याच्या आधारची प्रत घ्यावी आणि नाव बदलल्याची खात्री स्वतः ॲपवर करावी. एजंट ‘होऊन जाईल शेठ’ म्हणाला, की ते अजून झालेले नाही असे समजावे.

फास्टॅगही आठवणीने बंद करावा. तो राहिला तर नव्या मालकाच्या प्रवासाचे साद्यंत वर्णन तुम्हाला घरबसल्या मिळते. सकाळी शिरपूर टोल नाका, दुपारी इंदूरच्या अलीकडे, चार दिवसांनी परत शिरपूर. पैसे तुमचे, फिरणे त्याचे. आणि त्याला फोन करून बोलावे, तर तो म्हणतो, ‘भाऊ, बॅलन्स कमी झाला वाटतं, जरा टाकून ठेवा ना.’