वाया गेलेल्यांचे अण्णा

वसमतच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलातून "वाया गेलं लेकरू!" असं ऐकू आलं, की अण्णा येऊन टेकले असं समजावं. तुमच्याही गावात एक अण्णा असणारच. फक्त हॉटेल वेगळं.

पोरगं मोबाइलकडं बघून हसलं, वाया. रडलं, पारच वाया. केस वाढवले, वाया. कानावरून साफ उडवले, तरी वाया. एक जण गुळगुळीत टक्कल करून आला. "बाप तर धडधाकट हाय की रे तुझा?" "तिरुपतीला गेलतो, अण्णा." अण्णा घटकाभर अडले. मग म्हणाले, "जाऊन मागितलं काय? मोटारसायकलच ना? नवस वाया!"

बारावीला नव्वद टक्के पाडून एक जण पेढे घेऊन आला. अण्णांनी पेढा तोंडात टाकला. "आमच्या वेळी साठ टक्क्याला गाव बघायला यायचं. नव्वद द्यायलेत म्हणजे पेपर तपासणारेच वाया गेलेत." एवढं बोलून दुसरा पेढा उचलला.

ह्याच अण्णांचा त्र्याहत्तर सालचा एक फोटो आहे. गालभर कल्ले आणि बेलबॉटमची मोहरी अशी, की एकेका पायात आजचं एकेक पोरगं मावावं. 'बॉबी' बघायला नांदेड गाठलेलं. बहात्तरच्या दुष्काळात बाप खडी फोडायचा आणि चिरंजीव केस फुगवायचे. शाळेतले गुरुजी, पारावरचे म्हातारे, खुद्द बाप, सगळ्यांचा निकाल एकच होता. तो कोणता, हे सांगायला नको.

मग १९७४ साल आलं. डिग्री हातात, नोकरीचा पत्ता नाही. केस फुगवणारी हीच पोरं मराठवाडा विकास आंदोलनात उतरली. वसमतला पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थी गेले. अण्णा त्या दिवसांबद्दल फारसं बोलत नाहीत. विषय निघालाच, तर चहा गार झाल्याची तक्रार करतात.

आंदोलनात मागितलेलं मिळालं, पण सवडीनं. मराठवाड्याचं वैधानिक विकास मंडळ १९९४ मध्ये आलं आणि २०२० मध्ये मुदत संपून गेलं. वसमतच्या रुळांवर ब्रॉडगेज गाडी धावायला २००८ उजाडलं.

पहाटे पळून आलेली पोलीस भरतीची पोरं ह्याच हॉटेलात चहा पितात. त्यांचे पैसे कुणाच्या खात्यावर मांडले जातात, हे मालकानं एकदा दबक्या आवाजात सांगितलं. अण्णांनी मालकालाही वाया काढलं.

परवा तीच पोरं भरतीसाठी तहसीलदारांना द्यायचं निवेदन घेऊन आली. अण्णांनी चष्मा चढवला. "असं लिहितात व्हय निवेदन?" म्हणत पेन ओढून घेतलं. मायना बदलला, दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, "विनंती" खोडून "मागणी" केलं. सुशिक्षित बेरोजगारांना काम द्या, ह्या ओळीवर पेन थांबलं.

"ही राहू द्या," अण्णा म्हणाले. "ही चौऱ्याहत्तरलाच तपासून दिलेली हाय."