स्टेशन पाच मिनिटांवर

बोईसरला फ्लॅट बघायला गेलात की एजंटचं पहिलं वाक्य ठरलेलं: "साहेब, स्टेशन पाच मिनिटांवर." खोटं नाही ते. गाडी किती मिनिटांवर, हे आपणच विचारत नाही.

१६ एप्रिल २०१३ ला लोकल डहाणूपर्यंत आली आणि पालघर-बोईसर 'मुंबईच्या जवळ' गेलं. बोईसर ते चर्चगेट अंतर मात्र शंभर किलोमीटरच्या आसपासच राहिलं; त्याला बहुधा कुणी कळवलं नसावं. विरारपर्यंत चार मार्ग, पुढे दोनच. त्या दोन्हींवरून राजधानी जाणार, गुजरातच्या मेल जाणार, मालगाड्या जाणार. लोकल म्हणजे घरची सून, सगळ्यांची पानं उठल्यावर तिचं पान. मार्ग चार करण्याचं काम चालू आहे, तोवर प्रवासी वैतरणेच्या पुलावर खाडीचं सौंदर्य न्याहाळतात. सक्तीनं.

खरा शहाणा तारापूरच्या एमआयडीसीत नोकरी करणारा. सकाळी मुंबईकडच्या गाडीला लोंबकळणाऱ्यांकडे बघत तो रिक्षाने कामाला जातो, दुपारी घरचं गरम जेवतो. वाऱ्याची दिशा बदलली की खिडक्या लावून घेतो, एवढंच.

आता एजंटच्या तोंडी नवा मंत्र आहे. "बुलेट ट्रेनला बोईसर थांबा आहे, साहेब!" बीकेसीला उतरणार म्हणे. मी तिकिटाचं विचारलं. त्याने विषय बदलून मॉड्युलर किचन दाखवलं. खिडकीतून खाली बघितलं, तर तो स्वतः बाइकवरून आला होता. विरारहून.