फियाटचे दात

आमच्या घरी पाहुणा मुक्कामाला आला की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाबरोबर एक प्रश्न हमखास येतो, "इकडं बघण्यासारखं काय आहे?" नांदेडचा माणूस यावर सचखंड गुरुद्वारा सांगतो आणि गप्प बसतो. गुरुद्वारा आहेच तसा. गुरू गोविंदसिंहांनी १७०८ साली देह ठेवला ती ही जागा, आणि पुढं महाराजा रणजितसिंहांनी बांधून घेतलेली ती इमारत. पण हे उत्तर दुपारच्या जेवणापर्यंत पुरतं. जेवण झालं की पाहुणा पुन्हा विचारतो, "अजून?" मग आम्ही त्याला वेरूळ-अजिंठ्याच्या गाडीत बसवून मोकळे होतो. लातूरकरांचं त्याहून सोपं, ते थेट तुळजापूरला पाठवतात. म्हणजे या दोन गावांच्या मधल्या सव्वाशे-दीडशे किलोमीटरमध्ये देवानं नुसता रस्ता टाकला, अशी दोन्हीकडच्या माणसांची प्रामाणिक समजूत आहे.

माझीही होती. ती घालवली वडिलांच्या फियाटनं.

फियाट म्हणायचं आपलं. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी १९६४ पासून फियाट म्हणून बनत होती, १९७४ मध्ये तिचं पद्मिनी असं बारसं झालं. पण लग्नानंतर बदललेलं नाव माहेरी कुणी घेत नाही, तसंच हे. गिअर स्टिअरिंगच्या दांडीला, खिडकीला वाऱ्यासाठी ती छोटी तिकोनी काच, आणि सकाळी चोक ओढल्याशिवाय न उघडणारे डोळे. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा मला तीन फोन आले. तिघांचाही सूर घरी कुणी गेल्यासारखा. एकानं तर "वय किती होतं?" असंही विचारलं.

ही गाडी घेऊन नांदेडहून लातूरला जायचं, वाटेत जे दिसेल ते बघायचं, असा बेत मी मार्गशीर्षात मांडला. हिनं दोन अटी घातल्या. थर्मास तिच्याकडं राहील, आणि गाडी ढकलायची वेळ आली तर ती स्टिअरिंगवर बसेल. मिस्त्रींनी बॉनेट उघडून सगळं पाहिलं, रेडिएटरचा वरचा रबरी पाइप दोन बोटांत दाबला आणि म्हणाले, "साहेब, हा बदलून घ्या." मी म्हणालो, "आल्यावर घेऊ." पुढं जे झालं त्यात गाडीचा काही दोष नाही, हे आधीच नमूद करून ठेवतो.

अमेरिकेत म्हणे जुनी गाडी काढून असं भटकणाऱ्यांसाठी रस्त्याकडेला खास गमती करून ठेवलेल्या असतात. टेक्सासात ॲमरिलो गावाजवळ दहा कॅडिलॅक गाड्या नाक जमिनीत खुपसून ओळीनं पुरल्या आहेत. तेही १९७४ मध्येच, इकडं पद्मिनीचं बारसं झालं त्याच साली. लोक लांबून येतात आणि त्या गाड्यांना रंग फासून जातात. आपल्याकडं एक गाडी नाक खुपसून उभी दिसली तरी पन्नास माणसं जमतात, पण ती आधी आत कुणी आहे का ते बघतात.

लातूर फाटा सोडला आणि एक गोष्ट लक्षात आली. ताशी ऐंशीनं जाणाऱ्याला रस्ता दिसतो, चाळीसनं जाणाऱ्याला गावं दिसतात. जानापुरी, सोनखेड ही नावं मी आजवर पाट्यांवर वाचली होती, आता तिथल्या माणसांनी मला वाचलं. म्हाताऱ्यांनी हात केले, पोरं सायकली घेऊन सोबत पळाली, आणि एका चढावर एक सायकल पुढं गेली. फ्लेक्सही पहिल्यांदाच पूर्ण वाचून झाले. वरच्या रांगेत नेते, मधे गॉगल लावलेला वाढदिवसाचा धनी, खाली शुभेच्छुकांची बत्तीस तोंडं. आमच्या गतीला बत्तीसही मोजता आली. एका फ्लेक्सवर धनी 'भावी सरपंच' होता. चार किलोमीटरवर तोच धनी 'भावी आमदार'. एवढी झपाट्यानं प्रगती फक्त फियाटमधूनच दिसते.

लोह्यापासून आम्ही वाट सोडून कंधारला गेलो. किल्ला बघायलाच हवा, खंदकातलं पाणी आणि ती दगडी भिंत. पण मी गेलो होतो पायासाठी. कंधारला लागून मानसपुरी आहे, तिथं राष्ट्रकूट काळातल्या एका प्रचंड क्षेत्रपालाच्या मूर्तीचे तुकडे आहेत. मूर्ती कधीच फुटून गेली. उरलेल्या अवयवांवरून आख्ख्या देवाची कल्पना करायची. त्या दगडी पावलाशेजारी मी माझा नऊ नंबरचा बूट ठेवून पाहिला आणि लगेच काढून घेतला, उगाच कुणी तुलना करायला नको. ज्याचं पाऊल एवढं, तो उभा असताना केवढा दिसत असेल! कंधार ही राष्ट्रकूटांची मोठी नगरी, आणि हे राजे बिरुदात स्वतःला लट्टलूरचे, म्हणजे लातूरचे धनी म्हणवून घ्यायचे. तेव्हा कंधार-लातूर ही वाट आमच्या आधी हजार वर्षं राजघराण्याची. त्यांचा रथ कुठं तापला असेल तर शिलालेखात त्याची नोंद नाही.

हिनं विचारलं, "एवढा मोठा देव कशाला केला असेल?"

"लांबून दिसावा म्हणून."

"मग तुमच्या त्या कॅडिलॅकवाल्यांना सांगा, इकडं आधीच झालंय म्हणून."

परत महामार्गाला लागून दुपारी माळेगाव. चतुर्दशी मी मुद्दाम साधली होती. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला इथल्या खंडोबाची पालखी निघते आणि यात्रा सुरू होते. एरवी जिथं एसटी थांबली न थांबली, तिथं त्या दिवसांत माळरानावर एक शहर उठतं. घोडे, उंट, गाढवं, कुत्री, घोंगड्या, तमाशाचे तंबू, पाळणे. हवेतला भंडारा चहाच्या कपातही उतरतो. गाढवांचा बाजार तर पाहावाच. ती शेकड्यांनी उभी असतात आणि विकायला आलोय याची खंत एकाच्याही तोंडावर नसते.

गाडी मी लांब एका वावरात उभी केली होती. तासाभरानं परत आलो तर भोवती कडं झालं होतं. बॉनेटवर भंडाऱ्याचे पंजे उठले होते, कुणीतरी आरशाला बेल बांधला होता. कड्याच्या मधोमध धोतर, पटका, खांद्यावर रुमाल अशी एक वयस्क मूर्ती उकिडवी बसून फियाटच्या तोंडाकडं एकटक बघत होती. समोरची ती चंदेरी जाळी, तिच्या पट्ट्या. त्यांनी बोटानं एकेक पट्टी चाचपली, वर खाली पाहिलं, आणि उठताना निर्णय दिला, "जुळलीय."

जनावरांच्या बाजारात वावरलेल्याला हे सांगायला नको. अदंत, दोनदाती, चारदाती, सहादाती आणि सगळे दात आले की जुळलेला. थोडक्यात गाडी वयात येऊन गेली, आता फसवायला जागा नाही.

"पावनं, द्यायची का?"

"नाही हो. बघायला आलोय."

"बाजारात आल्यावर सगळे असंच म्हणत्यात," असं म्हणत त्यांनी माझा उजवा हात धरला आणि वर रुमाल टाकला. रुमालाखाली त्यांची बोटं माझ्या बोटांवर हिशेब करू लागली. दोन बोटं दाबली, मग अंगठा, मग पूर्ण पंजा, मग पुन्हा तीन बोटं. चेहऱ्यावर काही नाही, नजर लांब उंटांकडं. मला त्या भाषेचं एक अक्षर येत नव्हतं. संकोचानं मी हात आखडला की ते एक बोट वाढवायचे. मी घाबरून गप्प राहिलो तर अजून एक. भोवतीचे लोक माझ्याकडं मुरलेला व्यापारी म्हणून बघू लागले होते. शेवटी त्यांनीच रुमाल काढून खांद्यावर टाकला. "लई ताणता तुम्ही," ते म्हणाले, पण आदरानं.

गाडीत बसल्यावर हिनं विचारलं, "किती म्हणाले?"

मला अजूनही माहीत नाही. हजारांत होतं की लाखांत, कोण जाणे. कुठल्याही विमा कंपनीनं एवढ्या मन लावून तिची किंमत केली नसेल, एवढं मात्र खरं.

रात्री अहमदपूरला लॉजवर. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. गिझरची फक्त पाटी होती.

सकाळी चाकूरच्या अलीकडं तो पाइप गेला. फुस्स झालं, बॉनेटखालून वाफ, समोरची काच पांढरी. मी उतरलो, मिस्त्रींचा चेहरा डोळ्यांसमोर आला, तो बाजूला सारला. रस्ता एवढा सुनसान की दहा मिनिटांत एक मोटारसायकल. टपऱ्या बंद, पंक्चरवाला बंद, टायर लटकतंय पण माणूस नाही. मग आठवलं, आज अमावस्या. येळवस!

पंचांगात वेळा अमावस्या असेल, पण लातूर-धाराशिवकडं म्हणायचं येळवस. त्या दिवशी माणूस घरात सापडला तर तो आजारी समजावा. सगळा जिल्हा रानात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्यांचं बोलावणं. रस्त्याकडेच्या ज्वारीतून एक तरुण आला, वाफेकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं आणि गाडीबद्दल अवाक्षर न काढता म्हणाला, "चला, जेवायला चला."

"अहो पण गाडी..."

"ती कुठं पळतीय?"

कडब्याची कोप केलेली, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पूजा होऊन गेली होती. नंतर पानात जे आलं त्याला भज्जी म्हणतात. भजी नव्हे. ओल्या तुरीचे, वाटाण्याचे, वालाचे, हरभऱ्याचे दाणे आणि भाज्या बेसनात शिजवलेल्या, वर तेल. सोबत बाजरीचे उंडे, धपाटी, गव्हाची खीर. आणि आंबील. ज्वारीचं पीठ आणि ताक, लसणाचा ठेचा, रात्रभर मडक्यात गार झालेली. पहिला पेला सभ्यपणानं घेतला, दुसरा स्वतःहून, तिसरा आजींनी. तिसऱ्यानंतर झाडाखाली डोळा लागतो, त्याला इलाज नाही.

मी जागा झालो तेव्हा पाइप दुरुस्त होता. ट्यूबची पट्टी कापून करकचून गुंडाळलेली, वरून सुतळी. आता पाणी. मी थोडा अवघडलो. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखात रेडिएटरसाठी बादली मागायची म्हणजे कसंसंच. आजींना ते कळलं असावं. "विहिरीला हाय औंदा," त्या म्हणाल्या. नातवानं बादली ओतताना वाकून आत पाहिलं. "आजी, ही बैलावानी पिती की!"

"मग आंबील द्यायची का तिला?" आजींनी विचारलं. चेष्टेनं की मनापासून ते कळलं नाही. मडक्यात अजून होती.

लातूरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गंजगोलाई ही या प्रवासातली माझी शेवटची हौस, आणि एरवी तिथं गाडी घालणं म्हणजे वेडेपणा. १९१७ मध्ये फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आखलेला हा गोल. मधे दुमजली वर्तुळाकार इमारत, पोटात अंबाबाईचं देऊळ, आणि भोवती सोळा रस्ते. प्रत्येक रस्त्याचा माल वेगळा, कुठं सोनं, कुठं चपला, कुठं मिरची, कुठं गूळ. रोज इथं हातगाड्या, रिक्षा, हमाल आणि गायी यांच्यातून वाट काढताना कितव्या रस्त्यानं आत आलो तेच विसरतं. पण आज येळवस. शटर सगळी खाली, गोल मोकळा, एक कुत्रं मधोमध आडवं.

मी एक चक्कर मारली. दुसरी मारली. तिसरीला लक्षात आलं की बाहेर पडायचा रस्ता कुठला ते मला माहीत नाही. सोळाही सारखेच दिसत होते.

एका दुकानाच्या ओट्यावर टोपी घातलेले एक आजोबा बसले होते. चौथ्या फेरीला त्यांनी हात केला.

"काय सापडंना?"

"काही नाही, गोलाई बघतोय."

"बंद असताना?"

"म्हणूनच तर दिसतेय."

त्यांनी यावर विचार केला. मग गाडीकडं मान वळवली. "आमच्या शेटजींकडं होती अशी. तिच्यात दिवाणजीला बसायचं काम नव्हतं." इथल्या अडतीत चाळीस वर्षं दिवाणजी होते, गुडघ्यांमुळं आज रानात गेले नव्हते. हिनं मागचं दार उघडलं. ते आधी काठी, मग टोपी सावरत, मग स्वतः, असे टप्प्याटप्प्यानं आत आले आणि काच खाली करून कोपर बाहेर काढलं.

"हळू घ्या. हां. हा सराफांचा." बंद शटर. "इथून मिरचीचा. श्वास घेऊन बघा, बंद असला तरी येतो." खरंच आला. "हा गुळाचा. इथं एक माणूस हातानं ढेप उचलून वजन सांगायचा, काट्याला फरक पडायचा नाही."

सोळा झाले, ओटा आला. मी गाडी थांबवली. दिवाणजींनी दाराच्या कडीपर्यंत हात नेला, आणि परत आणून मांडीवर ठेवला.

"अहो," ही पुढं बघत म्हणाली, "चालू द्या की."