तेरा किलोमीटरच्या आतलं पिठलं

देशातलं सर्वांत कडक सोवळं येलहंक्यात पाळलं जातं, तेही दर दोन वर्षांनी आणि लढाऊ विमानांसाठी. बंगळुरूच्या उत्तरेला असलेल्या इथल्या हवाई दलाच्या तळावर 1996 पासून 'एरो इंडिया' हे प्रदर्शन भरत आलं आहे. 2025 च्या फेब्रुवारीत ते भरलं तेव्हा अमेरिकेचं एफ-35 आणि रशियाचं सुखोई-57, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी ही दोन विमानं एकाच अंगणात उतरली. एवढे तोलामोलाचे पाहुणे येणार म्हटल्यावर यजमानांनी घर धुवायला काढलं. बृहत् बंगळुरू महानगरपालिकेने 23 जानेवारी ते 17 फेब्रुवारी या काळात तळाच्या 13 किलोमीटर परिघातली मांस-मासळीची दुकानं आणि हॉटेलांतले सामिष पदार्थ बंद केले. 2023 साली काढलेल्या हुकमात हाच परीघ 10 किलोमीटरचा होता. दोन वर्षांत पाहुण्यांचा मान तीन किलोमीटरने वाढला. (2025 च्याच सप्टेंबरात ही महानगरपालिका स्वतःच पाच तुकड्यांत वाटली गेली. त्यात मात्र घारींचा हात नव्हता.)

घारी मध्येच कुठून आल्या? तर या सोवळ्याचं मूळ त्यांच्यातच आहे. उघड्यावर टाकलेल्या मांसाच्या तुकड्यांवर घारी जमतात, आणि घार इंजिनात शिरली की कोट्यवधींचं विमान आणि वैमानिक दोघांच्याही जिवाशी खेळ होतो. भीती खरी आहे. 1937 च्या विमान नियमांतला 91 वा नियम विमानतळाच्या परिसरात कत्तल करायला आणि कचरा टाकायला म्हणूनच मनाई करतो. म्हणजे नियमाचा खरा राग कचऱ्यावर आहे. पण कचरा रोज उचलावा लागतो, दुकान एकदाच बंद करता येतं. कुठल्याही महानगरपालिकेला यातलं सोपं कोणतं हे शिकवावं लागत नाही. गंमत अशी, की याच येलहंक्यातलं पुट्टेनहळ्ळी तळं सरकारने 2015 साली पक्ष्यांसाठी राखून ठेवलं. एका खात्याने पक्ष्यांना आवतण धाडावं आणि दुसऱ्याने त्यांच्या पोटावर पाय द्यावा, असा हा आदरसत्कार.

या सगळ्यात एका जागेकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. हुकूम दुकानांवर होता, हॉटेलांवर होता. घरात कढईखाली गॅस पेटवून कोण काय परततंय, हे विचारायला कोणी आलं नाही. संरक्षण मंत्रालयाच्या नजरेच्या टप्प्यात, जगातल्या सर्वांत महागड्या रडारच्या सावलीत, येलहंका न्यू टाउनमधल्या एखाद्या मराठी घरात त्या सव्वीस दिवसांत पिठलं शिजलं असेल, तर त्याची नोंद कुठेही नाही.

आणि ही काही सरकारी नजरचूक नव्हे. घरचं जेवण न दिसणं ही अर्थशास्त्राची जुनी, मान्यताप्राप्त सवय आहे. केंब्रिजचे आर्थर पिगू यांनी 1920 सालच्या 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात ती गमतीने पकडली होती: एखाद्या गृहस्थाने घर सांभाळणाऱ्या पगारी बाईशी लग्न केलं, की देशाचं उत्पन्न घटतं. काम तेच, माणसं तीच, पण पगार थांबला की हिशेबातून काम नाहीसं. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचे आंतरराष्ट्रीय नियम आजही त्याच वाटेने चालतात. परसात स्वतःसाठी पिकवलेलं वांगं त्यांना उत्पादन म्हणून दिसतं, त्याच वांग्याचं घरात केलेलं भरीत दिसत नाही.

तेव्हा येलहंक्यातल्या त्या पिठल्याकडे देशहिताच्या दृष्टीने पाहिलं पाहिजे. बेसन आधीच डब्यात, कांदा टोपलीत, मिरची आणि लसूण फोडणीत. दहा-पंधरा मिनिटांत वाफ आली, कोथिंबीर भुरभुरली, ताटं वाढली. एकूण आर्थिक उलाढाल शून्य. हेच पिठलं मोबाइलवरून मागवलं असतं तर स्वयंपाक्याची मजुरी, पाच टक्के जीएसटी, प्लॅस्टिकचा डबा, त्या डब्यावरचं झाकण, झाकणावरची चिकटपट्टी आणि स्कूटरचं पेट्रोल असं सगळं देशाच्या खात्यात जमा झालं असतं. 2014 साली याच शहरात जन्मलेल्या स्विगीने 2024 च्या ऑक्टोबरात दहा मिनिटांत खाणं पोचवणारी 'बोल्ट' ही सेवा आणली. तिच्यापुढे घरचं पिठलं म्हणजे उघड उघड राष्ट्रीय प्रगतीत अडथळा. खरवड तर त्याहून वाईट. कढईच्या बुडाशी धरलेला तो खमंग पापुद्रा अजून कोणाला डब्यात घालून विकता आलेला नाही. घरात तो ज्याच्या वाट्याला येतो तो कोणाशीही न बोलता खातो.

साधं जेवण सरकारला दिसतच नाही असं म्हटलं तर मात्र अन्याय होईल. ते विकायला काढलं की लगेच दिसतं. महाराष्ट्रात 1995 साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर द्यायचं ठरवलं, रस्त्यांच्या मोक्याच्या कोपऱ्यांवर केंद्रं उघडली. काही वर्षांत योजना गुंडाळली गेली, गाळे राहिले, आणि त्यातल्या कित्येकांत झुणक्याच्या जागी वडापाव आणि चायनीज शिजू लागलं. कर्नाटकाने 2017 साली इंदिरा कॅन्टीन काढली: नाश्ता पाच रुपये, जेवण दहा रुपये. इथे अजून इडलीच मिळते. कानडी माणसाची इडलीवरची निष्ठा कुठल्याही पक्षावरच्या निष्ठेपेक्षा टिकाऊ आहे, एवढाच याचा अर्थ.

या निष्ठेची दुसरी बाजू थंडीत दिसते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा अवरेकाईचा, म्हणजे आपल्या वालाच्या जातीच्या शेंगांचा हंगाम. मांसबंदीच्या दिवसांत तो ऐन भरात असतो, त्यामुळे परिघातल्या लोकांची फारशी उपासमार होत नाही. या दाण्यांचं जे सर्वांत लाडकं सारु, म्हणजे आमटी, त्याला दाणे आधी सोलावे लागतात. शेंगा सोलायच्या, दाणे भिजत घालायचे, मग एकेक दाणा चिमटीत धरून त्याची साल उडवायची. संध्याकाळ जाते. वाटीभर ऐवज निघतो. बाजारात सोललेला दाणा वेगळा मिळतो, त्याला भाव जास्त. घरी सोललेल्याला भाव नाही. हेही पिगूंना आवडलं असतं.

इथे 'घरच्या साध्या जेवणाचा आनंद' या विषयावर लिहिणाऱ्या मंडळींची थोडी चौकशी करायला हरकत नाही. साधं जेवण, साधी राहणी, साधं वरण यांचं गुणगान करणारे हे लोक दाणे सोलायला किती वेळ बसतात? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात याचं उत्तर आहे. सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी 81.5 टक्के घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करतात, पुरुषांपैकी 27.1 टक्के. ज्या स्त्रिया ते करतात त्यांची दिवसाची सरासरी 289 मिनिटं, पुरुषांची 88. 2019 च्या सर्वेक्षणात स्त्रियांची 299 होती, पुरुषांची 97. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटं वाचली म्हणून पेढे वाटावेत, तर पुरुषांनीही आपली नऊ मिनिटं काढून घेतली आहेत.

वाचवलेली मिनिटं पुरुष कशासाठी वापरतात हे सर्वेक्षण सांगत नाही. इतिहास सांगतो: स्वयंपाकावर पुस्तकं लिहिण्यासाठी. त्या इतिहासाची सुरुवात याच शहरातून करू: बंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर. 1687 साली हे शहर तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवरायाकडे गेलं. (तीन लाखांत आज येलहंक्यात बऱ्यापैकी फ्लॅटचं दहा महिन्यांचं डिपॉझिट भागतं, शहर मिळत नाही.) तोवर शहाजीराजांचे पुत्र एकोजी तंजावरला गादी स्थापून बसले होते. त्यांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाला रघुनाथ नवहस्त नावाचे पंडित होते. त्यांनी खाण्यापिण्यावर 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. कुतूहल पंडितांना, भोजन रांधायला दुसरंच कोणी. पुढे 1875 साली मराठीत 'सूपशास्त्र' छापून आलं, लेखक रामचंद्र सखाराम गुप्ते. पुढे बाईनेही स्वतःच्या चुलीबद्दल लेखणी उचलली. 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी 'गृहिणीमित्र' लिहिलं आणि एकदम हजार पाकक्रिया देऊन थकबाकी चुकती केली.

यानंतरची क्रांती 1970 साली झाली. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा हीच मापं धरली, लाखाच्या वर प्रती खपल्या, आणि घरोघरच्या मीठ 'बेताचं' व पाणी 'अंदाजाने' या गूढवादाला पहिल्यांदा आव्हान मिळालं. येलहंक्यातल्या मराठी घरांत हे पुस्तक बहुधा सापडेल, हळदीच्या बोटांसकट. कोणाच्या घरात कोणतं पान सर्वांत पिवळं आहे यावरून त्या घराचा स्वभाव ओळखता येतो. पण या पुस्तकाचा एक उपयोग मुखपृष्ठावर कुठेही छापलेला नाही. ते रात्री अंथरुणात पडून नुसतं वाचतात. अनारसे करायचे नसतात, खसखशीचा पत्ता नसतो, आणि तरी अनारशांची कृती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते. करमणुकीसाठी वाचन याहून निर्मळ रूपात सापडणं कठीण.

मात्र वाचनाचं दुखणं स्वयंपाकासारखंच आहे. फुकट आनंद मिळतो म्हटलं की लोकांना संशय येतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली मराठीतला पहिला दिवाळी अंक ज्या मासिकाचा काढला, त्याचं नाव 'मनोरंजन' होतं. आज तोच मजकूर घेऊन कोणी मासिक काढलं तर गुंतवणूकदार ते नाव बदलून 'सक्षमीकरण' ठेवायला लावतील. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्यांच्या झुंजार या नायकाने पिढ्यान्‌पिढ्यांची झोप उडवली, आणि त्यातून वाचकाला नोकरीत बढती मिळाल्याचं एकही उदाहरण पुढे आलेलं नाही. बंगळुरूत असलं वाचन खपत नाही. इथे वर्षाच्या सुरुवातीला किती पुस्तकं संपवणार याचा आकडा जाहीर करायचा, डिसेंबरात आकडा गाठण्यासाठी बारीक पुस्तकं शोधायची. जाड कादंबरी घेणारा माणूस लक्ष्यात मागे पडतो. ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांच्यासाठी पुस्तकाचं सार पंधरा मिनिटांत सांगणारी ॲप आहेत. दहा मिनिटांत पिठलं आणि पंधरा मिनिटांत 'महाभारत'. मग उरलेल्या वेळाचं काय करायचं हे सांगणारं ॲप तेवढं बाकी आहे.

त्यातल्या त्यात कौतुक करावं असा एक प्रकार 2023 पासून शहरात सुरू आहे. शनिवारी सकाळी कब्बन पार्कात लोक चटई आणि पुस्तक घेऊन येतात, झाडाखाली पसरतात आणि एकमेकांशी न बोलता वाचतात. भाषण नाही, चर्चा नाही, वर्गणी नाही. बघता बघता इतर शहरांनीही ही कल्पना उचलली. फुकट शांतता मिळते हे समजल्यावर लोक लांबून येऊ लागले, यात नवल नाही. येलहंक्याच्या माणसाला त्यासाठी हेब्बाळचा उड्डाणपूल ओलांडावा लागतो. तिथल्या वाहतुकीत पुस्तक निम्मं संपतं, आणि उरलेलं निम्मं परतीच्या वाटेत संपवायला पुरतं. पार्क ही केवळ वळायची जागा.

या दोन्ही सुखांची एकत्र गाठ घरात पडते. तव्यावर भाकरी, शेजारी भांड्याला टेकवून उभं केलेलं पुस्तक, पान उलटायला कोपर. जेवताना वाचू नये असं सगळ्या घरांत सांगतात, स्वयंपाक करताना वाचू नये असं कोणी सांगत नाही, कारण ती शक्यता कोणाच्या मनात येत नाही. ती येते फक्त वेळवापराच्या सर्वेक्षकाच्या. हा माणूस पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतच्या चोवीस तासांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन घेऊन दारात उभा राहतो. एका चौकोनात दोन कामं झाली असतील तर त्यातलं मुख्य कोणतं ते विचारतो.

समजा, तो येलहंक्यातल्या एका मराठी घरी आला. सकाळी साडेअकरा ते बारा. बाईंनी कुकर लावला होता, पिठल्याचं पाणी उकळत होतं, आणि त्या अर्ध्या तासात चिमणरावांच्या विनोदी पुस्तकाची दोन प्रकरणं वाचून झाली होती.

"मुख्य काम कोणतं, अम्मा?"

"वाचन," बाई तोडक्या कानडीत सांगतात. "कुकर काय, आपला आपण शिट्ट्या देतो."

सर्वेक्षक हसतो, मान डोलावतो आणि चौकोनात स्वयंपाक असं लिहून टाकतो.